राखेची पुरचुंडी

गल्लीत त्यांना सगळे दारवाले म्हणत. पाडायला काढलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या उचलून आणायची, त्यांच्यावरचे रंगाचे थर आचेवर फुगवून लोखंडी पत्रीने खरवडायचे, आतलं लाकूड उघडं पडलं की त्याला तेल पाजायचं आणि हौशी लोकांना विकायचं, यात त्यांची चाळीस वर्षं गेली. वय झालं तसा त्यांनी पसारा आवरता घेतला. आता महिन्याकाठी एखादं दार, तेही हात गप्प बसत नाहीत म्हणून. बाकी सगळा जीव मागच्या अंगणातल्या भाजीत.

अंगण काही फार मोठं नव्हतं. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद. एका अंगाला न्हाणीघर आणि त्याच्या भिंतीशी पाणी तापवायची पत्र्याची शेगडी, दुसऱ्या अंगाला दारं रचायची पडवी, आणि मधल्या जागेत सहा वाफे. पण त्या सहा वाफ्यांचा तोरा असा, की पाहुणा आला की दारवाले त्याला बसा म्हणायच्या आधी मागे घेऊन जात. पाहुण्याला भाजीतलं काही कळो न कळो, पालकाचं पान हातात धरून वा वा म्हटल्याशिवाय त्याची सुटका नसे.

शेगडीला जळण पडवीतलंच. ज्या चौकटी कुजल्या, ज्या फळ्या फुटल्या, त्या फोडून रंगासकट शेगडीत जात. खरवडलेल्या रंगाचे पापुद्रेही झाडून त्यातच लोटले जात, कारण दारवाल्यांना काही फुकट गेलेलं खपत नसे. मागे उरलेली राख चाळून डब्यात भरायची. पेरणीआधी ती मातीत मिसळायची आणि रोपं वर आली की मावा पडू नये म्हणून पानांवर भुरभुरायची. बाजारातल्या औषधांना ते हसत. विष घालून पिकवायचं आणि तेच पोरांना खायला घालायचं, ही कसली शेती, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

राख भुरभुरायचं काम नातीकडे होतं. नात सात वर्षांची. जन्मली तेव्हा इतकुशी होती म्हणून तिला टिल्ली म्हणायला लागले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आजीने तिला मलमलीच्या फडक्याची पुरचुंडी बांधून दिली होती. सकाळी पानांवर दव असताना टिल्ली ती पुरचुंडी घेऊन वाफ्यावाफ्यांतून फिरायची आणि पानांवर हलकेच आपटायची. पालकाला पावडर लावली, मेथीला लावली, असा हिशेब आजोबांना द्यायची. तिच्या पापण्यांवर, ओठांवर राख बसायची. मग तशाच हातांनी एखादं गाजर उपटायचं, फ्रॉकला पुसायचं आणि कचाकचा खायचं. दारवाले पायरीवर बसून बघत राहायचे. आयुष्यात त्यांना एवढं सुख दुसऱ्या कशाने दिलं नव्हतं, हे खरं सांगायला हवं.

लेक आणि जावई याच घरात पुढच्या दोन खोल्यांत राहत. जावई गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचा. दिवसभर शिशाचा डाख देऊन गळती बुजवायची, हे त्याचं काम. घरजावई म्हटलं की लोक हसतात आणि त्या हसण्यात दारवाले सर्वांत पुढे. जेवताना ते म्हणायचे, जावईबापू, नखं बघा जरा, खाणीतून आलात का? जावयाने मान खाली घालून हसायचं, की झाला खेळ. जावयाला तो खेळ आवडतो का, हे कुणी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी हवेत गारवा आल्याबरोबर दारवाल्यांनी वाफे खणले. नुकतीच एका मोठ्या घराची अठरा पांढरी दारं हाती लागली होती. त्यातली निम्मी वाळवीने खाल्लेली, म्हणजे जळणाची चंगळ आणि राखेचीही. चारऐवजी आठ डबे राख मातीत गेली. पालक, मेथी आणि गाजर पेरलं, वांग्याची रोपं लावली, कुंपणाशी वालाचे वेल सोडले. आठव्या दिवशी पालक उगवला तेव्हा टिल्लीने गुडघ्यांवर बसून एकेक कोंब मोजला. एकशे बेचाळीस. दारवाल्यांनी तो आकडा घरभर सांगितला.

पालक बोटभर झाला आणि टिल्लीचं पोट दुखायला लागलं. आधी सगळ्यांना वाटलं, शाळा बुडवायचं निमित्त. मग तिला दोन-दोन दिवस शौचाला होईना. तोंड उतरलं, डोळ्यांखाली सावल्या आल्या. शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं की मुलीचं लक्ष नाही. जी पोर साताचा पाढा घडाघडा म्हणायची, ती सात पाचे काय म्हटल्यावर भिंतीकडे बघत बसायला लागली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि सांगितलं, रक्त कमी आहे. औषध लिहून दिलं, शिवाय हिरव्या पालेभाज्या भरपूर द्या म्हणाले. दारवाल्यांची छाती फुगली. डॉक्टरांचा हुकूम आणि औषधाचं दुकान आपल्या अंगणात! त्यांनी सातवा वाफा खणला. रोज सकाळी कोवळी पानं खुडून, वरच्यावर झटकून, आजीकडे द्यायची, आणि दोन्ही वेळेला टिल्लीच्या ताटात वाटीभर भाजी असायचीच. पोरीने तोंड फिरवलं की दारवाले स्वतः घास भरवायचे. हा आजोबांच्या नावाचा, हा पालकाच्या नावाचा. ती आजोबांसाठी खायची. मावा येऊ नये म्हणून राखही आता दोन्ही वेळेला पडू लागली.

महिन्याभराने ती शाळेतच चक्कर येऊन पडली. मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं तेव्हा कळलं, रक्तात शिसं आहे. आकडा अठ्ठेचाळीस. पाचाच्या वर जायला नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिशाने पोटात दुखतं, रक्त कमी होतं आणि लहान मुलांची बुद्धी मंदावते. मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि घरात कोण काय काम करतं ते विचारलं.

जावयाने आपलं काम सांगितलं. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळत गेलं. लेकीने त्याच्याकडे पाहिलं, आजीने पाहिलं. दारवाल्यांनी तर असं पाहिलं, की जणू कित्येक वर्षांचा एखादा संशय आज खरा ठरला असावा. बाईंनी दारवाल्यांनाही विचारलं. ते म्हणाले, मी निवृत्त, घरी भाजी पिकवतो, सगळी बिनऔषधाची. बाईंच्या दारात तीस माणसं ताटकळली होती. छान, म्हणाल्या, आणि पुढच्या कागदाकडे वळल्या.

त्या दिवसापासून जावई घरातच परका झाला. कामाचे कपडे बाहेर काढायचे, अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ताट वेगळं, अंथरूण वेगळं. इथपर्यंत डॉक्टरांचं होतं. पुढचं आजीने जोडलं. पप्पांना शिवायचं नाही, पप्पांनी दिलेलं खायचं नाही, चार पावलं लांब उभं राहायचं. टिल्ली आधी रडली, मग विसरून दोनदा धावत गेली आणि दोन्ही वेळा आजीने तिला दंडाला धरून मागे ओढली. मग तिला सवय झाली. मुलांना कशाचीही सवय होते, आणि मोठ्यांना त्याचं बरंच वाटतं.

पण आकडा उतरला नाही. चार आठवड्यांनी तो सत्तावन्न आला. डॉक्टरीणबाईंनी कुजक्या वासाच्या गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, की मूळ बंद झालं नाही तर गोळ्यांचा उपयोग नाही. घरी आल्यावर आजीने जावयाला फैलावर घेतलं. चोरून जवळ घेत असशील, नाहीतर आकडा चढलाच कसा? जावयाने टिल्लीची शपथ घेतली नाही की आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने रेडिएटरचं काम सोडलं, एका मित्राच्या दुकानावरची खोली धरली आणि दोन पिशव्या घेऊन घराबाहेर पडला. गोदामात पोती उचलायचं काम त्याने धरलं. दारवाले म्हणाले, हे आधीच करायला हवं होतं.

रोज संध्याकाळी सहाला तो कुंपणापाशी यायचा. टिल्ली मागच्या पायरीवर उभी राहून त्याला वही उघडून दाखवायची. एवढ्या लांबून त्याला काय दिसणार? तरी तो छान म्हणायचा.

वांग्यांना जांभळी फुलं आली, वाल कुंपणावरून पलीकडे वाकले, तेव्हा एक बाई दार पाहायला आली. लोकांची घरं सजवून देणं हा तिचा व्यवसाय. दारवाले पडवीत एक पांढरं दार आडवं टाकून रंग खरवडत होते, पायाशी पापुद्र्यांचा ढीग. बाई लांबच थांबली आणि म्हणाली, "आजोबा, तोंडाला फडकं बांधत चला. जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं."

दारवाल्यांनी पत्री खाली ठेवली. रंगात कसं काय, म्हणून विचारलं.

"पूर्वी घालायचेच. रंग टिकावा म्हणून. आमच्या कामगारांना आम्ही हात धुतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ देत नाही. आणि हे जाळू नका हं. लाकूड जळतं, शिसं राखेत तसंच राहतं."

पुढे ती कडीकोयंड्यांबद्दल काय काय बोलली, दारवाल्यांना ऐकू आलं नाही. ती गेल्यावर ते तिथेच दारावर बसले. समोर शेगडी होती, शेगडीशेजारी राखेचा डबा, आणि त्यापलीकडे सात वाफे. पालकाच्या पानांवर सकाळचीच राख होती. गेले दोन महिने आपलंही पोट दुखतंय, हात थरथरतोय, आणि आपण ते वयावर ढकलतोय, हेही त्यांना तेव्हाच सुचलं. मग वाटी आठवली. हा आजोबांच्या नावाचा, हा पालकाच्या नावाचा. ते उठले आणि वाफ्यांकडे गेले.

दुपारपर्यंत त्यांनी सगळं उपटून काढलं. फुललेली वांगी, भरल्या शेंगांचे वाल, बोटभर गाजरं, काही ठेवलं नाही. वरची माती खरवडून पोत्यांत भरली. राखेचे डबे पोत्यांत, पुरचुंडी पोत्याच्या तळाशी. शेगडी ठोकून चपटी केली. आजी बाहेर आली आणि बघतच राहिली. काल तर सगळं छान होतं, म्हणाली. दारवाले म्हणाले, मर रोग लागला, मुळापासून. शेगडीचं काय, तर पत्रा गळतोय, आता विजेवर पाणी तापवू. संध्याकाळी कचऱ्याची गाडी सतरा पोती घेऊन गेली. टिल्ली उघड्या जमिनीकडे बघून हमसून हमसून रडली आणि दारवाल्यांनी तिला पोटाशी धरलं. सहा वाजले होते. कुंपणापलीकडून जावई ते पाहत होता. त्याने विचारलं, काय झालं? दारवाले म्हणाले, कीड.

इथे दारवाल्यांची बाजू घ्यायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही आलं असतं. रोज सकाळी ते सांगायचं ठरवून उठायचे, आणि टिल्ली शाळेला जाताना गळ्यात पडली की शब्द गिळायचे. लेक काय म्हणेल? या पोरीला आपल्याजवळ येऊ देतील का? धोका तर गेला, वाफे गेले, राख गेली, आता सांगून कुणाचं काय भलं होणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला माणसाला कुणाची मदत लागत नाही. जावई रोज सहाला येत होता आणि दारवाले पाचलाच पुढच्या खोलीत जाऊन बसत होते.

पुढच्या तपासणीत आकडा छत्तीसवर आला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. मात्र त्यांनी हेही सांगितलं, की शिसं उतरेल, पण डोक्यातलं जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही. साताचा पाढा टिल्लीला अजून येत नव्हता. घरी येता येता आजी म्हणाली, बघा, माणूस घराबाहेर गेला आणि गुण आला. लेक गाडीच्या खिडकीबाहेर बघत होती. तिने नाही म्हटलं नाही. दारवाल्यांनीही म्हटलं नाही.

त्या संध्याकाळी जावई नेहमीच्या वेळेआधी आला. दारवाले अंगणातच होते, पळायला सवड मिळाली नाही.

"बाबा, बरं झालं तुम्हीच भेटलात," जावई म्हणाला. "मालवाहू जहाजावर काम मिळतंय. तीन वर्षांचा करार आहे. परवा निघायचं."

दारवाल्यांनी विचारलं, तीन वर्षं?

"तीन, नाहीतर आणखी. मी गेलो आणि तिचा आकडा उतरला. म्हणजे मीच होतो ना. आता परत घरात आलो आणि पुन्हा चढला तर? माझ्या हाडात किती मुरलंय, कुणाला ठाऊक." त्याने कुंपणावर ठेवलेले हात मागे घेतले, जणू कुंपणालाही लागेल. "तिला तुम्ही बघा. तुमच्याजवळ ती सुखात असते. मी तुमच्यावर कधी रागावलो असलो, तर मनात ठेवू नका."

दारवाले आयुष्यात पुष्कळ बोलले होते. आता त्यांना चार शब्द जुळवताना घाम फुटला.

"तुम्ही नव्हता," ते म्हणाले. "ती माझी राख होती. दारांच्या रंगात शिसं होतं. मी ते जाळलं, मातीत घातलं, पानांवर घातलं. तिला भरवलं."

जावयाने उघड्या जमिनीकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "कधी कळलं?"

"वाफे काढले त्या दिवशी."

"तेवीस दिवस झाले," जावई म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "मी रोज इथे उभा होतो, बाबा."

दारवाल्यांनी कुंपणाचं फाटक उघडलं आणि त्याला आत घेतलं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी लेकीला आणि बायकोला सगळं सांगितलं, या वेळी काही न वगळता, पडवीतल्या बाईपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत. आजीने कोपऱ्यातलं जावयाचं वेगळं ताट उचलून बाकीच्या ताटांवर ठेवलं. लेक म्हणाली, "बाबा." मग ती नवऱ्याजवळ गेली, त्याचा हात हातात घेतला आणि सगळ्यांसमोर आपल्या गालाला लावला. दारवाल्यांनी मान खाली घातली. आपल्याला आता या घरात कुठे उभं करतील, एवढाच विचार त्यांच्या मनात होता, आणि त्या विचाराचीही त्यांना लाज वाटत होती. ते दाराजवळच्या स्टुलावर टेकले.

आवाज ऐकून टिल्ली आतून आली. पप्पांना स्वयंपाकघरात बघून ती दारातच थबकली.

जावई गुडघ्यांवर बसला. त्याने दोन्ही हात पुढे केले.

टिल्ली हलली नाही. घाबरलीही नव्हती. तिने नजरेनेच मधली पावलं मोजली आणि एक पाऊल मागे सरकली. "पप्पा, चार पावलं लांब," तिने शाळेत शिकवलेलं सांगावं तसं सांगितलं.

लेक पुढे झाली. आता काही नाही बाळा, आता चालतं, पप्पांमुळे काही झालं नव्हतं, असं तिने समजावलं. आजीनेही मान हलवली. टिल्लीने आईकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, पप्पांच्या हातांकडे पाहिलं. सात पाचे काय विचारल्यावर ती भिंतीकडे बघायची, तसे तिचे डोळे झाले. मग तिने जिथे कधी काही अवघड नसतं त्या जागेकडे मोर्चा वळवला. स्टुलावर बसलेल्या आजोबांच्या मांडीवर ती चढली, त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि तोंड त्यांच्या सदऱ्यात लपवलं.

दारवाल्यांचे हात तसेच अधांतरी राहिले. तिला धरायची हिंमत होईना, खाली उतरवायचीही होईना. समोर जावई अजून गुडघ्यांवरच होता, हात पुढे केलेले.